मासा दिसतो तेथे नसतो

गेल्या अंकात सातपुड्यातील तीरकामठ्याविषयी लिहिताना उथळ पाण्यातला मासा बाणाने मारण्याच्या रीतीचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता आणि माशांसाठी वापरल्या जाणाऱ्या बाणांना बहुधा पिसे नसतात, असेही ओझरते म्हटले होते. लेखातील बाकी मजकुरापेक्षा या दोन ओळींवरच जास्त पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या ओढ्यात गुडघाभर पाणी असते आणि तळाचा खडा न् खडा दिसतो. मी बांबूचे धनुष्य करून चिलापीवर नेम धरून पाहिला. जमिनीवर ठेवलेला नारळ मी दहा पावलांवरून चुकवत नाही, परंतु पाण्यातला मासा तीन पावलांवरूनही लागत नाही. बाण प्रत्येक वेळी त्याच्या पाठीवरून पलीकडे जातो. चूक हाताची आहे की धनुष्याची? (शहादा)

उत्तर : चूक हाताचीही नाही आणि धनुष्याचीही नाही. आपला बाण प्रत्येक वेळी एकाच बाजूने, म्हणजे पाठीवरूनच जातो, हे आपण नीट टिपले आहे आणि कारण त्यातच आहे. हात चुकत असता, तर बाण कधी अलीकडे, कधी पलीकडे, कधी डावीकडे गेला असता.

माशाच्या अंगावरून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना पृष्ठभागावर वाकतो. आपल्या डोळ्यांना मात्र प्रकाश सरळ रेषेतच येतो अशी जन्मापासूनची सवय असते, त्यामुळे ते मासा त्या सरळ रेषेत पुढे कोठेतरी आहे असे धरून चालतात आणि तो खऱ्या जागेपेक्षा वर उचललेला दिसतो. अगदी डोक्यावरून खाली पाहिले, तर पाण्याची खोली खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांश भासते. तिरपे पाहिले, तर ती त्याहूनही कमी भासते. बाण मात्र प्रकाशासारखा वाकत नाही. तो पाण्यात शिरल्यावर मंदावतो, पण साधारण त्याच दिशेने जातो. म्हणजे आपण वाकलेल्या रेषेने पाहतो आणि सरळ रेषेने मारतो.

आपल्या ओढ्याचाच हिशेब करू. मासा ५० सेंटिमीटर खोल आहे, आपली नजर पाण्याशी ४५ अंशांचा कोन करते आणि बाण नजरेच्याच रेषेत सुटतो, असे समजा. हवेतला हा ४५ अंशांचा किरण पाण्यात उभ्या रेषेपासून ३२ अंशांवर येतो. गणित मांडले, तर मासा जेथे आहे तेथून बाण जाताना तो पाण्याखाली फक्त ३१ सेंटिमीटरवर असतो, म्हणजे माशाच्या जवळजवळ १९ सेंटिमीटर वरून जातो. हाताएवढ्या चिलापीच्या पाठीवरून तो निघून जाणारच. आणखी तिरपे पाहिले आणि नजर पाण्याशी ३० अंशांवर आली, तर बाण माशाच्या अर्ध्या खोलीवरूनच पलीकडे जातो. उलट, जितके माशाच्या डोक्यावर येऊन मारावे तितकी चूक घटते, आणि अगदी सरळ खाली मारताना मासा वर उचललेला दिसत असला तरी बाण त्याच्याच रेषेत जातो. म्हणून अनुभवी माणसे पाण्यात उतरून माशाच्या शक्य तितक्या जवळ जातात किंवा ओढ्यावर झुकलेल्या खडकावरून, झाडाच्या फांदीवरून मारतात.

पण डोक्यावर जाणे नेहमी जमत नाही, तेव्हा नेम खाली घ्यावा लागतो. वरच्याच उदाहरणात डोळा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर पाण्याच्या पृष्ठभागावर ज्या जागेतून मासा दिसतो, तिच्या सुमारे १४ सेंटिमीटर अलीकडे, म्हणजे साधारण सात-आठ बोटे अलीकडे, बाण पाण्यात शिरला पाहिजे. मासा खोल असेल तर आणखी अलीकडे. उथळ असेल तर कमी.

हे घरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते आणि मी ते प्रत्येक वाचकाला करून पाहायला सांगेन. पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी एक नाणे ठेवा. वायरिंगची पांढरी नळी बादलीच्या काठाला तिरपी घट्ट बांधा आणि नळीतून नाणे बरोबर मध्यभागी दिसेल अशी ती बसवा. आता डोळा न लावता नळीतून सायकलचा एक सरळ आरा खाली सोडा. आरा नाण्यावर पडत नाही. तो नाण्याच्या पलीकडे तळाला टेकतो. बादलीतले पाणी काढून तोच प्रयोग पुन्हा केला, तर तो थेट नाण्यावर टेकतो. आपल्या ओढ्यातला बाण हाच आरा आहे.

मला हे शाळेतल्या प्रयोगाने कळले नाही. धडगावकडच्या एका ओढ्यात, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, सातपुड्यातल्या पावरा जमातीच्या एका काकांच्या हातातला तीरकामठा मागून घेऊन मी सकाळभर पाण्याला छिद्रे पाडत होतो. काका काठावर बसून बघत होते. शेवटी ते पाण्यात उतरले, माझ्या खांद्याला हात लावून मला खाली वाकवले आणि म्हणाले, "मासा नको बघू. त्याच्या पोटाखालचा अलीकडचा खडा बघ." त्यांनी स्वतः बाण सोडला तेव्हा तो पाण्यात शिरल्याचा आवाजसुद्धा बारीक झाला, आणि क्षणभराने बोरूची काडी पाण्यावर थरथरत आडवी-तिडवी फिरू लागली. टोकाला मासा होता. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा, म्हणजे अशा वाकण्याचा, नियम युरोपात सतराव्या शतकाच्या आरंभी डच गणितज्ञ स्नेल यांनी मांडला. तो नियम ज्या अनुभवातून निघतो, तो अनुभव ओढ्यावरच्या माणसांच्या खांद्यांत आणि बोटांत त्याच्या कितीतरी आधीपासून मुरलेला होता, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माशांच्या बाणाला पिसे नसतात असे आपण लिहिले. पिसांशिवाय बाण सरळ कसा जातो? (अमरावती)

उत्तर : बाणाच्या शेपटीला लावलेली पिसे त्याला लांबच्या उड्डाणात सरळ ठेवतात. माशावर मात्र दोन-चार पावलांवरून बाण सोडतात, त्यामुळे तो भरकटायला हवेत वेळच मिळत नाही. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असल्याने तेथे पिसे बाणाला अडवतात, भिजून चिकटतात आणि एक बाजू जास्त भिजली की बाणाला वाकडे ओढतात. म्हणून अंदमानच्या ओंगे, जारवा आणि सेंटिनली लोकांच्या बाणांना पिसे लावलेली दिसत नाहीत. प्रवाळखडकांवर ओहोटीचे पाणी गुडघ्याखाली आले की तेथील पुरुष धनुष्य घेऊन त्यात उतरतात, स्त्रिया हातजाळ्यांनी मासे धरतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही माशांसाठी लांब आणि बिनपिसाचे बाण वापरणारे समाज आहेत. पिसांचे काम तेथे बाणाची लांबी आणि वजन करते. लांब, जड काडी हलक्या काडीपेक्षा पाण्यात जास्त आत शिरते.

त्याच पाण्याच्या दाटपणामुळे बाणाचा जोर फार लवकर संपतो. एक-दोन मीटर खोलीखाली साध्या बांबूच्या धनुष्याच्या बाणात खवले फोडण्याइतकी ताकद उरत नाही, आणि हा खेळ उथळ पाण्याचाच राहण्याचे खरे कारण हेच आहे.

बाणाच्या टोकाविषयीही थोडे लिहितो, कारण सारे कौशल्य तेथे एकवटलेले असते. माशाचे अंग बुळबुळीत असते आणि जखम होताच तो उसळी मारतो, त्यामुळे गुळगुळीत टोक सहज निसटते. म्हणून टोकाला मागे वळलेले काटे ठेवतात. न्यू गिनीत एकाच काडीला तीन-चार फाटे बांधलेले बाण करतात. त्यामुळे नेम बोटभर चुकला तरी एखादा फाटा लागतो, आणि बारीक मासा दोन फाट्यांच्या मध्ये अडकूनही बसतो. काडी हलकी, बोरूची किंवा बांबूची असेल, तर ती मासा पळाल्यावर पाण्यावर तरंगत त्याचा माग दाखवते. अंदमानात बाणाच्या टोकासाठीचे लोखंड किनाऱ्याला लागलेल्या जहाजांच्या अवशेषांतून काढून, थंड अवस्थेतच ठोकून आणि घासून घडवलेले असते. कोणत्या गोष्टीचा काय उपयोग होईल हे ओळखण्याची अशी नजर पाहिली की मला त्या कारागिरांविषयी अपार आदर वाटतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. द्रौपदीच्या स्वयंवरात अर्जुनाने पाण्यात पाहून माशाचा डोळा फोडला, तेव्हा त्याला प्रकाशाच्या वक्रीभवनाचा अडथळा आला असेल का? (रत्नागिरी)

उत्तर : तुझा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या सोडवल्या की दोन्ही समजतात. कीर्तनातून आणि गोष्टींतून आपण ऐकतो ती कथा अशी की फिरणारा मासा वर टांगला होता आणि अर्जुन खाली पाण्यात किंवा तेलात त्याचे प्रतिबिंब पाहत होता. या कथेत मासा हवेत आहे आणि बाणही हवेतूनच जातो. प्रकाश पाण्यात शिरतच नाही, तो पृष्ठभागावरून परावर्तित होतो. त्यामुळे वक्रीभवनाचा अडथळा येत नाही. अडचण आहे ती वेगळीच, खाली पाहून वर मारण्याची, कारण प्रतिबिंबात वरची बाजू खाली होते. आरशात पाहून केसांचा भांग पाडताना हात चुकतो, तशातली ती अडचण आहे.

दुसरी गोष्ट अशी की महाभारताच्या पुण्यातील भांडारकर संस्थेच्या चिकित्सक, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या, आवृत्तीत मासाही नाही आणि प्रतिबिंबही नाही. तेथे आकाशात टांगलेले एक यंत्र आहे, आणि त्याच्या छिद्रातून पाच बाणांनी लक्ष्य वेधायचे आहे. मासा आणि पाणी लोकपरंपरेने नंतर आणले. मला वाटते, ज्या लोकांनी ते आणले त्यांना पाण्याकाठचा नेम किती अवघड असतो हे ठाऊक असावे.

प्रश्न : पाण्यातल्या माशावर अचूक झडप घालणाऱ्या पक्ष्यांना हा फरक कळतो का? (चिपळूण)

उत्तर : काहींना नक्की कळतो. किनाऱ्यावरचा समुद्रबगळा तिरप्या नजरेने मासा पाहूनही चोच दिसणाऱ्या जागी न मारता खऱ्या जागी मारतो. गुरांमागे नाकतोडे टिपणारा गायबगळा मात्र या बाबतीत इतर बगळ्यांपेक्षा कच्चा ठरतो. त्याचे भक्ष्य बहुतेक गवतातच असते. याच्या उलट दिशेचे उदाहरणही आहे. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खारफुटीत राहणारा तोक्सोटिस हा मासा पाण्याखालून पाहून वरच्या पानावरील कीटकावर तोंडातून पाण्याची चिळकांडी मारतो आणि त्याला खाली पाडतो. त्यालाही पाणी आणि हवा यांच्यामधल्या वाकलेल्या नजरेचा हिशेब करावा लागतो.

प्रश्न : मी काही वर्षांपासून अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहतो. येथे धनुष्याने मासे मारणे हा मोठा छंद आहे आणि सहकारी मला बोलावतात. तेथील धनुष्य आपल्याकडच्यापेक्षा वेगळे असते का आणि कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : तत्त्व एकच, साहित्य वेगळे. तेथील बाण फायबरग्लासचा, जड आणि बिनपिसाचा असतो. त्याच्या टोकाला उघडझाप होणारे काटे असतात आणि धनुष्यावर बसवलेल्या चाकाला गुंडाळलेली मजबूत दोरी त्याला जोडलेली असते, म्हणजे मासा लागला की तो दोरीने ओढून आणता येतो. पाण्यावरची चमक घालवणारा ध्रुवित (पोलराइज्ड) काचेचा चष्मा तेथे जवळपास सगळे वापरतात आणि तो खरोखर उपयोगी असतो. तळ दिसू लागतो. पण तो चष्मा प्रकाशाचे वाकणे थांबवत नाही, त्यामुळे नेम खाली घ्यावाच लागतो.

सर्वांत महत्त्वाची काळजी दोरीची आहे. बाण सोडताना ती दोरी धनुष्याच्या तारेत, कपड्याच्या गुंडीत किंवा बोटात अडकली, तर बाण पूर्ण वेगाने जाऊन ताणलेल्या दोरीने तितक्याच वेगाने परत उलटतो आणि थेट तोंडावर येतो. यात माणसांना गंभीर इजा झाल्या आहेत. म्हणून दोरी बाणाच्या शेपटीला बांधू नये. बाणाच्या काडीवर सरकणारी एक लहान कडी मिळते. तिला दोरी बांधली की बाण ताणलेला असताना दोरी धनुष्याच्या पुढच्या बाजूला राहते आणि बाण सुटल्यावर कडी मागे सरकते. ही कडी नसलेल्या बाणाला हात लावू नका, मग सहकारी कितीही आग्रह करोत.

इलिनॉय नदीतल्या ज्या माशांवर तेथे हा छंद जोरात चालतो, त्यांत आपल्या ओळखीचा चंदेरा आहे. आपल्याकडे तळ्यांत कटला-रोहूबरोबर सोडतात तोच. तो मूळचा पूर्व आशियातला. अमेरिकेत तो मत्स्यतळ्यांतून निसटून नद्यांत पसरला आणि तेथील मूळच्या माशांचे अन्न खाऊ लागला, म्हणून तो कमी करण्याला तेथे उत्तेजन दिले जाते. बोटीच्या यंत्राच्या आवाजाने तो पाण्याबाहेर उड्या मारतो आणि लोक त्याच्यावर हवेतच बाण सोडतात. तेथे वक्रीभवनाचा प्रश्नच उरत नाही. मात्र कोणते मासे मारण्यास परवानगी आहे हे प्रत्येक राज्यात वेगळे असते, म्हणून परवाना घेताना ती यादी अवश्य वाचावी.

प्रश्न : अंदमानला जाणार आहोत. जारवा लोक बाणाने मासे मारतात ते कोठून पाहता येईल?

उत्तर : ते पाहायला जाऊ नये आणि जाता येतही नाही. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमांनुसार त्यांच्या राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय प्रवेश करणे हा गुन्हा आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. बाहेरच्या माणसाचा साधा गोवर किंवा सर्दीपडसेही तेथे साथ होऊन पसरू शकते, आणि एकोणिसाव्या शतकात ग्रेट अंदमानी समाजाची संख्या अशाच साथींनी कोसळली. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांतून त्यांचे फोटो काढण्यासही बंदी आहे. श्री विजयपुरमच्या (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या) मानववंशशास्त्रीय संग्रहालयात त्यांची धनुष्ये आणि बाण ठेवलेले आहेत. ते जवळून, सावकाश पाहावेत.

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून नदीवर हा छंद सुरू करणार आहोत. याला महाराष्ट्रात परवानगी आहे का? आणि सुरुवात कोणत्या माशापासून करावी? (नाशिक)

उत्तर : १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि गेळफळासारखे झाडपाल्याचे विषही विषच असते. बाणाचे स्वरूप तसे नाही, तो एका वेळी एकच मासा मारतो. पण पाणी कोणाचे आहे हे आधी पाहावे लागते. धरणांचे जलाशय आणि अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे त्यांना न विचारता मासा मारणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होय. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. काही डोह तर गावांनी स्वतःहून राखले आहेत. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेत आणि महाडजवळच्या वाळणकोंडात लोक पिढ्यान्‌पिढ्या माशांना खायला घालतात, मारत नाहीत. तेथील मोठे मासे हाताजवळ येतात ते त्या विश्वासानेच. अशा डोहाजवळ धनुष्य घेऊन उभेसुद्धा राहू नका.

सुरुवात चिलापीपासून करा. ती आपल्याकडची नव्हे. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि आता बहुतेक तलावांत देशी माशांच्या जागा अडवून बसली आहे. तिचा नर उथळ पाण्यात काठालगत तळाला गोल खळगे करतो, त्यामुळे ती गुडघाभर पाण्यात दिसते. पाण्याशी शक्य तितके वाकून जा. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत एकवटलेले दिसते आणि काठालगतच्या, पाण्यालगतच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला चेपलेल्या असतात. उभा माणूस त्यात ठळक दिसतो, वाकलेला तितका दिसत नाही. सावली माशावर पडू देऊ नका, आणि पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, घसटत न्या. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्याचा हलका धक्काही कळतो.

एक विनंती मात्र मी अगदी मनापासून करतो. गळाला लागलेला लहान मासा सोडून देता येतो, बाण लागलेला सोडता येत नाही. म्हणून मासा ओळखल्याशिवाय आणि तो खाणार हे ठरल्याशिवाय धनुष्याची दोरी ओढू नका. पावसाळ्यात उथळ, गवताळ पाण्यावर एखादा लालसर-केशरी पुंजका हलताना दिसेल. दुरून तो गळून पडलेल्या फुलांसारखा वाटतो. ती मरळीची पिल्ले असतात, शेकडोंनी, आणि त्यांच्याखाली मरळ उभी असते. ती हवेसाठी अधूनमधून वर येते, पिल्ले सोडून लांब जात नाही, आणि त्यामुळे नवख्यालाही तिच्यावर बाण मारता येतो. ती मेली की त्या पुंजक्याचा इतर मासे आणि बगळे थोड्याच वेळात फडशा पाडतात. असा पुंजका दिसला, तर त्या बाजूला जाऊच नका.

आणि परतताना पाण्यात हरवलेला प्रत्येक बाण शोधून काढा, कारण त्याच ओढ्यावर संध्याकाळी गुरे पाण्याला येतात आणि मुले अनवाणी उतरतात.